महाकालीच्या दारावरून वडशाच्या मांडवात

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे नाटक पाहावयास निघण्यापूर्वी महाकालीचे दर्शन घ्यावे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. म्हणून पौषातल्या एका सकाळी घुग्घुसच्या कोळशाची धूळ अंगावर असतानाच मी चंद्रपूर गाठले आणि अंचलेश्वर दरवाज्याबाहेर उतरलो. गोंड राणी हिराईने बांधविलेल्या या देवालयाचा परिसर चैत्रात झरपट नदीत स्नान करून आलेल्या मराठवाड्यातील भाविकांनी आणि पोतराजांच्या आसुडांनी कसा दुमदुमतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या दिवशी मात्र तेथे विलक्षण शांतता होती, आणि भुयारासारख्या वाटेने वाकून देवीपुढे पोहोचलो तेव्हा समईची ऊब कपाळाला जाणवली.

दर्शन घेऊन चांदा फोर्ट स्थानकावरून गोंदियाची गाडी धरली. मूल, नागभीड, ब्रह्मपुरी मागे पडली आणि वैनगंगा ओलांडताच वडसा आले. सरकारदप्तरी याचे नाव देसाईगंज. रसिकांच्या लेखी मात्र ही नाटकांची पेठ. भाऊबीजेपासून होळीपर्यंत, मंडईची जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत ठरली की गावोगावची मंडळी येथील कंपन्यांच्या कार्यालयांत येऊन तारीख पक्की करतात आणि विसार देऊन जातात.

रात्री जवळच्या खेड्यात प्रयोग होता. "बसा जी, सुरू होतेच आता," म्हणत एका वृद्धाने आपल्या घोंगडीवर मला जागा करून दिली. कनातीच्या फटीतून रंगपटातला राजा दिसत होता : आरशाचा तुकडा गुडघ्यावर टेकवून तो भुवई कोरीत होता आणि त्याचे मूल शेजारच्या पेटीवर झोपले होते. मग नटराजापुढे नारळ फुटला, तिसरी घंटा झाली आणि ऑर्गनचा पहिला स्वर थंडीत पसरला.

देवीच्या दारातून रंगमंचाकडे जाणारी ही वाट केवळ आमच्याच मुलखात नाही. आपली सरस्वती जपानात बेन्झाइतेन या नावाने संगीताची आणि कलांची देवता म्हणून पूजिली जाते. शिवाय तेथील शोगुनच्या सरकारने १८४२ च्या सुमारास एदो नगरीतली (आजच्या टोकियोतली) काबुकी नाट्यगृहे सेन्सोजी मंदिराच्या आसाकुसा भागात हलविली, तेव्हा तेथेही देऊळ आणि रंगमंच शेजारी झाले. आसाकुसाची ती नाटकांची पेठ जगाला ठाऊक आहे. वडसा महाराष्ट्रालाही पुरेसे ठाऊक नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

पडदा पडला तेव्हा तांबडे फुटले होते, आणि मांडवातून कोणीही मध्येच उठून गेले नव्हते. वाचकहो, होळीपूर्वी एक रात्र काढा, अंगावर घोंगडी घ्या आणि वडशाला या.