मोहोळ

२००५ च्या जानेवारीचा शेवटचा आठवडा. आम्ही तेव्हा एम. ए. होऊन तालुक्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवू लागलो होतो. मामा बाजाराला आले की आमच्या खोलीवर मुक्काम करीत. एका सकाळी वर्तमानपत्राची घडी आमच्यापुढे सरकवीत त्यांनी विचारले, "हे मोठ्याच्या नंतरचं हाय, का मोठ्याच्या आधीचं?"

बातमी अंदमान समुद्रातल्या भूकंपांची होती. आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने आम्हांला आजतागायत सोडलेले नाही.

अंदमान आपणा मराठी वाचकांना ठाऊक असते ते ‘माझी जन्मठेप’मुळे, काळ्या पाण्याच्या नावाने. त्या पाण्याच्या तळाशी काय चालले आहे, हे कळायला २६ डिसेंबर २००४ ची सकाळ उजाडावी लागली. या बेटांच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली तिरपा सरकत असतो. सरकताना तो अडकतो आणि शतकानुशतके ताण साठत जातो. त्या सकाळी सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची ही अडकण सुटली. भूकंपाची प्रत ९.१ होती. ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरांहून अधिक खचले आणि तिथला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने हिंदी महासागराच्या काठावरची दोन लाखांहून अधिक माणसे नेली.

बरोबर एका महिन्याने निकोबारच्या पूर्वेला वेगळेच काही सुरू झाले. २६ ते ३१ जानेवारी या अवघ्या सहा दिवसांत पाच वा त्याहून अधिक प्रतीचे दीडशेहून जास्त धक्के एकाच टापूत नोंदले गेले. बेटांच्या मागच्या बाजूला, जिथे समुद्रतळ ताणला जाऊन फाकतो आहे, तिथले हे धक्के. डिसेंबरच्या भूकंपाने बदललेला ताण आणि तळाखालून वर घुसू पाहणारा शिलारस यांच्याशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. अशा समूहाला इंग्रजीत मधमाश्यांच्या थव्याचा शब्द वापरतात, असे आम्ही संध्याकाळी मामांना सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे मोहोळ उठलंय म्हण की." यापेक्षा नेमका प्रतिशब्द आम्हांला पुढे कोणत्याही परिभाषाकोशाने दिला नाही.

नेहमीच्या भूकंपाला एक कथानक असते. मुख्य धक्का बसतो, मग त्याहून लहान उत्तरधक्के येतात आणि दिवसांगणिक विरळ होत जातात. विरळ होण्याचा हा नियम जपानच्या ओमोरींनी १८९४ मध्येच मांडला. उत्कर्षबिंदू आणि उतरण, आम्ही वर्गात शिकवतो तशीच ही रचना. मोहोळात मात्र नायक नसतो. बरोबरीचे धक्के येत राहतात, वाढतात, थबकतात, पुन्हा सुरू होतात आणि केव्हातरी थांबतात. ऐकणाऱ्याचे मन ते मानत नाही, त्याला शेवट हवा असतो. २८ मार्च २००५ रोजी निआस बेटाजवळ ८.६ प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा आम्हीही क्षणभर म्हणालो होतो, हाच तो ‘मोठा’. पण तो त्या मोहोळाचा उत्कर्ष नव्हता. तो कितीतरी दक्षिणेला, डिसेंबरमध्ये न सुटलेल्या शेजारच्या भागात झाला होता. निकोबारजवळचे मोहोळ केव्हाच निवले होते.

मामांचा प्रश्न कुठून आला होता, हे आता सांगायला हवे. आमचे आजोळ किल्लारीच्या पंचक्रोशीत. तिथे भूपट्टांची सीमा नाही, समुद्र तर नाहीच. तरीही १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे लहान लहान धक्क्यांची रांग लागली होती. आजीने अंगणात बाज टाकली आणि घरात निजायचे नाकारले. गाव हसले. हळूहळू धक्के थांबले, थंडी वाढली, आणि मामांनी तिची वळकटी उचलून आत नेली. "आता शांत झालं, आये," एवढेच ते म्हणाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या भिंती आणि माळवद खाली आले. मामा विसर्जन आटोपून शेतावर निजले होते. आजी घरात होती.

त्या धक्क्यांना आज ‘पूर्वधक्के’ म्हणता येते. पण १९९२ मध्ये कोणीही ते तसे ओळखू शकले नसते. पूर्वधक्का हे धक्क्याचे लक्षण नाही. मोठा भूकंप होऊन गेल्यावर मागे वळून दिलेले ते नाव आहे. कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या प्रकरणातली पूर्वसूचना ठळक दिसते, तसेच हे. जगणाऱ्याच्या वाट्याला मात्र पहिलेच वाचन येते. पालघरच्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून असेच धक्के सुरू झाले, लोक थंडीत बाहेर निजले. किल्लारीसारखे तिथे काही घडलेले नाही.

२०२५ च्या जून-जुलैत जपानच्या तोकारा बेटांवर पंधरवड्यातच हजाराहून अधिक धक्के जाणवले. तिथेही एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. अकुसेकी या चिमुकल्या बेटावरचे काही रहिवासी बोटीने कागोशिमाला गेले. त्याच जुलैत महासंकट येणार, असे एका चित्रकथेच्या नव्या आवृत्तीत छापलेले होते. तेवढ्यावरून अनेकांनी जपानचे प्रवास रद्द केले. भाकिताचा दिवस येऊन गेला, ते संकट आले नाही. कथेची ही भूक आम्ही हसण्यावारी नेऊ शकत नाही. ती आमच्याही घरात आहे. भूकंपशास्त्र सांगते ते कमी, पण खरे: बहुतेक मोहोळे मोठ्या भूकंपावाचून निवतात, काही निवत नाहीत, आणि आधी ओळखण्याची खूण हाती नाही. भिंती आणि छत बदलणे मात्र हाती आहे.

मामा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. पुनर्वसनातल्या घरातही ते दाराशी बाज टाकून निजतात. गेल्या दिवाळीत आम्ही धीर करून म्हणालो, "मामा, तुम्हांला तरी कसं कळणार होतं?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कळणार नव्हतंच. पर मग ‘शांत झालं’ असं म्हणायचं नव्हतं."

वर्गात कथेचा शेवट शिकवताना हे वाक्य आठवते, आणि आम्ही फळ्यावर पूर्णविराम जरा उशिरा देतो.