विशेष काही नाही

महिनाअखेरीला माझ्या टेबलावर चार दैनंदिन्या येतात. चार नियतक्षेत्रं, चार वनरक्षक, चार हस्ताक्षरं. पानांचे कोपरे घामानं मऊ पडलेले असतात, शिवणीत कुसळी गवताची कुसळं रुतून बसलेली असतात. वनपाल म्हणून त्या तपासून सही करणं हे माझं काम. "सकाळी ६ वाजता निघून पायी फिरती केली. पाणवठा पाहिला. विशेष काही नाही." हे शेवटचं वाक्य महिन्यातून वीस-बावीस वेळा येतं. नवा वनपाल होतो तेव्हा मला त्याचा राग यायचा, त्याला कामचुकारपणाचा वास यायचा. आता मी नेमका तिथंच थांबतो. कुठल्या दिवशी ते खरंच होतं आणि कुठल्या दिवशी सांगण्यासारखं पुष्कळ असून माणूस दमून झोपी गेला, हे अक्षराच्या चढउतारावरून कळायला मला फार वर्षं लागली.

आमचं अभयारण्य नान्नजचं. सोलापुरातून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. पाहुणे येतात, गाडीतून उतरतात, चहूकडं बघतात आणि विचारतात, "जंगल कुठाय?" त्यांचा दोष नाही. समोर असतो नुसता माळ. उन्हाळ्यात पिवळा, मग करडा, मग गवताच्या बुंध्यांमधून दिसणारा मुरूम. एखादी बोर, एखादी बाभूळ, बाकी क्षितिजापर्यंत आडोसा नाही. सरकारी कागदालाही हा माळ कधी नीट दिसला नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराब म्हणतात. पोटात धरलेली, पण खराब. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशातही असे माळ पडीकच ठरले. आणि जी जमीन पडीक, तिच्यावर काहीही करायला कुणालाच संकोच वाटत नाही. मुरूम उपसा, कचरा टाका, नाहीतर मायेनं झाडं लावा. एके काळी इथं ग्लिरिसिडिया लावला गेला, माळ हिरवा दिसावा म्हणून. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्या माळढोक पक्ष्यासाठी हे अभयारण्य झालं, त्याला दूरवर मोकळी नजर लागते. आडोसा म्हणजे त्याच्यासाठी भीती. पुढं तीच झाडं काढायची वेळ आली. झाड तोडण्याचं काम वनखात्याच्या माणसानं उभं राहून करून घ्यायचं, हे मी गावात समजावून सांगत होतो तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेलो नाही.

पवन्या, मारवेल, डोंगरी, शेडा, कुसळी. ही आमच्या जंगलातली झाडं म्हणा हवं तर. श्रावणात पवन्याच्या माळावर वारा आला की तो चालताना दिसतो. काळविटांचा कळप मान वर करून एकदम थबकतो. खोकडाची पिल्लं बिळाच्या तोंडाशी एकमेकांच्या अंगावर पडत असतात. थंडीत भोवत्या पक्षी येतात, मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून हजारो किलोमीटर उडत, आणि गवताच्या शेंड्यांना पंख टेकतील इतक्या खालून फिरतात. इतक्या लांबून येऊन त्यांना जे हवं असतं ते पुन्हा गवतच.

माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर. इतक्या मोठ्या आकड्यात गावंच्या गावं आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आले, विहिरी आल्या. वनखात्याचे स्वतःचे माळ त्यात विखुरलेले तुकडे. सगळ्यात जास्त होती ती शेतजमीन. ज्याच्या घरात सात पिढ्या ज्वारी पिकली त्याला एक दिवस कळलं की आपण अभयारण्यात राहतो. जमिनीच्या व्यवहारापासून रस्त्याच्या कामापर्यंत कुठलीही गोष्ट अडली की बोट माळढोकाकडं जायचं. एका पक्ष्याच्या नावावर इतका राग साचलेला मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. पुढं क्षेत्र कमी करून ते बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं गेलं. राग ओसरायला तेवढं पुरलं नाही. दरम्यान माळाच्या भोवतीचं शेतही बदललं होतं. सोनाका हे द्राक्षाचं वाण नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी काढलं. नावातच सोलापूर, नान्नज आणि काळे आहेत. दुष्काळी गावानं द्राक्षाला आपलं नाव द्यावं ही अभिमानाची गोष्ट आहे, मलाही आहे. पण मालदांडी ज्वारीच्या रानातून चालत जाणारा पक्षी द्राक्षाच्या मांडवाखालून चालत नाही, आणि पंधरा किलोपर्यंत वजनाच्या, समोरचं कमी दिसणाऱ्या पक्ष्याला उडताना विजेची तार चुकवता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी दोन्हींच्या मधल्या बांधावर उभा असतो.

माझ्या हातात कायदे दोन. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि त्याआधीचा १९२७ चा भारतीय वन अधिनियम. जुन्या कायद्याच्या कलम ६४ नं मला वॉरंटशिवाय अटक करता येते, ५२ नं जप्ती, २६ नं राखीव वनात गवत कापणाऱ्यावर आणि जनावर चारणाऱ्यावर गुन्हा. प्रशिक्षणात ही कलमं आम्ही पाठ केली. हा कायदा जेमतेम तीन वर्षांचा होता तेव्हा, जुलै १९३० मध्ये, लोकनायक अणे यांनी पुसदला तो मोडला, हे मला पुढं वाचनात कळलं. कशानं मोडला? गवत कापून. त्याच वर्षी ८ मे रोजी सोलापुरात रूपाभवानीपाशी लोक शिंदीची झाडं तोडायला जमले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. मग मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. कामानिमित्त शहरात गेलो की चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जावं लागतं. अंगात खाकी असते. तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना सांगतो की कायदा तोच आहे, पण तेव्हा तो गवताचा मालक होता, आता मी गवताचा राखणदार व्हायचा प्रयत्न करतो आहे. हे सांगताना माझा आवाज मला दर वेळी तितकाच ठाम वाटतो असं नाही.

कारण एक रात्र आहे. वनपाल होऊन नान्नजला परत आलो त्याच्या पुढच्या वर्षीची. पावसाळा होता आणि माळढोकाच्या विणीचा हंगाम होता. बंद केलेल्या कक्षात साठ-सत्तर मेंढरं सापडली. मेंढपाळ म्हातारा होता, खांद्यावर घोंगडी, पायात टायरच्या वहाणा. आधी दोनदा समज दिली होती. मी नियमाप्रमाणं सगळं केलं. पंचनामा केला, मेंढरं हाकत नेली, कोंडवाड्यात घातली. म्हातारा काही बोलला नाही. रात्री नऊच्या सुमाराला तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सायेब, मोजून घेतली तेवढी बरोबर हायती. पण एक लेकरू माळावरच ऱ्हायलंय. सांजच्याला व्यालीय ती. आय हितं वरडतीया."

खरोखरच कोंडवाड्यातून एकच आवाज अखंड येत होता. तो मी संध्याकाळपासून ऐकत होतो आणि मला तो फक्त आवाज वाटत होता.

"चला आबा," मी म्हणालो. बॅटरी घेतली. माळावर ढग उतरले होते, दक्षिणेला सोलापूरचा उजेड ढगांच्या पोटाला लागला होता. मी बॅटरी फिरवत होतो, म्हातारा ती बंद करा म्हणाला. उजेडानं डोळे आंधळे होतात, पायांना कळू द्या. मग तो पुढं आणि मी मागं. गवत कुठं दबलंय, कुठं नुसतं वाऱ्यानं लवलंय, हे त्याचे पाय मला सांगत गेले. कोकरू एका बोरीच्या जाळीत होतं, गार पडलेलं, पण जिवंत. त्यानं ते घोंगडीत छातीशी धरलं.

परतताना एका उताराशी तो वळसा घालून गेला. सरळ वाट सोडून का, म्हणून मी विचारलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गेल्या सरावनात हितं हुमानं अंडं घातलं हुतं. एकच घालतीय ती, उघड्यावर. म्हैनाभर म्या मेंढरं हिकडं फिरकू दिली न्हाईत. पोरगं घिऊन गेली, मंगच आलो." माळढोकाला जुने लोक हूम म्हणतात, नर हुंकार घालतो त्यावरून. त्या पावसाळ्यात आम्ही पाच माणसं त्या अंड्यासाठी माळ पालथा घालत होतो. नोंद निरंक गेली होती.

"मला का नाही सांगितलं आबा?"

"सांगितलं असतं तर तुमी एवढा बी माळ बंद केला असता."

त्याच्यावरचा गुन्हा मी मागं घेतला नाही, तो अधिकारही माझा नव्हता. दंड त्यानं भरला. पण त्या रात्रीनंतर माझ्या फिरतीचा रस्ता बदलला. मी आधी वाड्यांवर जाऊ लागलो, मग माळावर. लांडग्यानं मेंढी नेली तर पंचनाम्याला त्याच दिवशी पोचायचं आणि भरपाईचा कागद अडू द्यायचा नाही, हा मी माझ्या माणसांना घालून दिलेला पहिला नियम. ज्याच्या मेंढीपाशी आपण रडत्या वेळी गेलो, तो शिकारीच्या वाघरी लावणाऱ्यांची मोटरसायकल रात्री कुठून आली ते सकाळी सांगतो. ससे, तित्तर, कधी काळवीट. माळढोक आणि काळवीट दोन्ही पहिल्या अनुसूचीत, शिकारीला तीन ते सात वर्षं कैद. पण ती कैद कोर्टात सिद्ध होते पंचनाम्याच्या कागदावर, आणि पंच म्हणून सही करायला रात्री दोन वाजता उठून येणारा माणूस वर्षभर जोडून ठेवावा लागतो.

या नोकरीत सगळ्यात जड काय, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, दुसऱ्याला पाठवणं. स्वतः अंधारात जायला मी कधी घाबरलो नाही. आता माझ्या चार वनरक्षकांत एक तरुण मुलगी आहे, मोहोळकडची. काठी, बॅटरी आणि मोबाइल एवढ्यावर ती रात्रीच्या गस्तीला जाते आणि समोरच्या गाडीत बंदूक असू शकते. तिचा "सर, पोचले" हा फोन येईपर्यंत मी घरात जेवत नाही. बायको ताट झाकून ठेवते, काही बोलत नाही. ११ सप्टेंबरला आम्ही वनशहीद दिन पाळतो. १७३० साली खेजडलीत झाडांना मिठी मारून मेलेल्या ३६३ बिश्नोईंचा तो दिवस. त्या दिवशी दोन मिनिटं उभं राहताना माझी नजर जमिनीकडं नसते, शेजारच्या चौघांकडं असते.

आणि आग. १५ फेब्रुवारीपासून हंगाम. आग अडवणाऱ्या जाळरेषा त्याआधी पुऱ्या व्हाव्या लागतात. माळाची आग डोंगरातल्या आगीसारखी चढत नाही, ती पळते. एका वर्षी मी जाळरेषेचं एक टोक उद्यावर टाकलं आणि त्या रात्रीच तिथून आग आत शिरली. कडुनिंबाच्या फांद्यांनी आम्ही ती पहाटेपर्यंत झोडपली. गावातली पोरं आली, म्हाताऱ्या मेंढपाळाचा नातूही आला. सकाळी राखेत टिटवीची अंडी फुटून काळी झालेली दिसली. ते टोक आता मी दर जानेवारीत स्वतः चालून बघतो.

माळढोक आता नान्नजला दिसत नाही म्हटलं तरी चालेल. साऱ्या देशात उरले ते दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक जैसलमेरकडं. वनरक्षक असताना मी नर नाचताना पाहिला आहे, गळ्याची पांढरी पिशवी जवळजवळ जमिनीला टेकलेली, शेपूट पाठीवर उलटं उभारलेलं. त्याचा हुंकार कानाआधी छातीत ऐकू आला होता. माझ्या या चौघांनी तो कधी ऐकलेला नाही. गेल्या बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या गणनेत ती मोहोळची मुलगी मचाणावर माझ्याबरोबर होती. रात्रभर चांदणं दुधासारखं पसरलेलं. काळविटं आली, खोकड आलं, पहाटे दोन लांडगे येऊन निवांत पाणी पिऊन गेले. तक्त्यात माळढोकाच्या रकान्यासमोर तिनं शून्य लिहिलं आणि विचारलं, "सर, रोजच्या डायरीतही लिहू का, दिसला नाही म्हणून?"

"लिही," मी म्हणालो.

तेव्हापासून ती रोज लिहिते. परवा तिची दैनंदिनी तपासली. भाद्रपदातलं पान होतं, शाई पावसानं जरा पसरलेली. "पायी फिरती केली. उताराकडील कक्षात मेंढरं नव्हती, आबांच्या नातवानं स्वतःहून पलीकडं नेली आहेत. माळढोक दिसला नाही. पवन्या गुडघ्यापर्यंत आला आहे."

मी खाली सही केली आणि तारीख घातली.