ढोल, ताशा आणि तिसरा आवाज

माझ्या कानातला सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात तानपुरे जुळत असतात, षड्ज हळूहळू मंडपभर पसरत असतो, शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून घेतलेले असतात आणि त्या सगळ्याच्या वर, फार वर, माझी एक बारीक शीळ चालूच असते. ऑडिओलॉजिस्टबाईंनी एकेक सूर ऐकवत तिची जागा शोधली, तेव्हा ती 6000 हर्ट्झच्या आसपास सापडली. पियानोची अगदी उजव्या टोकाची पट्टी वाजते 4186 हर्ट्झला. पेटी तर त्याच्या पुष्कळ आधी संपते. म्हणजे माझ्यापाशी जो सूर आहे तो दाखवायलासुद्धा घरात एक वाद्य नाही.

डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाच्या अठ्ठावीस रोगांमध्ये कर्णनाद आहे, तेव्हा हे दुखणं हेडफोनच्या आधीपासूनचं. आमच्या एका काकांना मात्र ते दुखणं वाटतच नाही. ‘‘अगं, अनाहत नाद तो! लोक त्यासाठी वर्षानुवर्षं आसन घालून बसतात.’’ मी म्हटलं, काका, मला नुसतं उशीवर डोकं टेकलं तरी पुरतं.

या शिळेलाही ऋतू असतात. डिसेंबरात पंखा बंद झाला की ती खोलीभर होते. पावसाळ्यात मात्र पत्र्यावर सर कोसळत असते, मागच्या अंगणात रातकिडे लागलेले असतात आणि आतला आवाज कुठला, बाहेरचा कुठला, हे माझं मलाच सांगता येत नाही. मी त्या दिवसांत शांत झोपते. आणि नेमक्या त्याच दिवसांत पुण्याच्या नदीपात्रात, पुलांच्या आसपास गणेशोत्सवाच्या सरावासाठी ढोल बाहेर निघतात. संध्याकाळी कामावरून परस्पर आलेली मुलंमुली कमरेला ढोल बांधतात, पानं ताणून घेतात, ताशावर पहिली तर्री उठते आणि टिपरू हातात आलं की दिवसभराचा शीण कुठल्या कुठे जातो. मी त्यांच्यातलीच एक, एका ढोल-ताशा पथकातली. म्हणून कानाचं निदान कळल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘आता पथक सोडणार ना?’’

हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. पोहणाऱ्याला सर्दी झाली की आपण नदी सोडायला सांगत नाही. कानाच्या बाबतीत मात्र दोनच वाटा दाखवल्या जातात : एक तर सगळं सोडा, नाहीतर ‘सणाला एवढं चालतंच’ म्हणून सगळं सोसा. मधली वाट आहे, आणि ती बरीच रुंद आहे.

आधी आतलं थोडं. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात एका कानाला पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात, अख्ख्या आयुष्यासाठी तेवढ्याच. मोठ्या आवाजाच्या माऱ्याने त्या आधी थकतात, पुढे मरतात. आणि पहिला खड्डा बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास पडतो. कोंबडीच्या पिल्लाच्या कानात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात, हे 1980च्या दशकात शास्त्रज्ञांना दिसलं. आपल्याला ती सोय नाही. कानाकडून येणारी वर्दी कमी झाली की मेंदू आपली ऐकण्याची धार वाढवतो आणि मग त्याला स्वतःचीच कुजबुज ऐकू येऊ लागते, असं आज बरेच संशोधक मानतात. म्हणजे ही शीळ कानाची तक्रार कमी आणि मेंदूचा अतिउत्साह जास्त.

आता हिशेब. कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने घालून दिलेली मर्यादा साधी आहे : 85 डेसिबल असेल तर आठ तास. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास आणि 100 ला पंधरा मिनिटं. हे आकडे कारखान्यासाठी मांडलेले असले, तरी पगारी आवाज आणि हौसेचा आवाज यांतला फरक कानाला कळत नाही. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी दरवर्षी गणेश विसर्जनाला लक्ष्मी रस्त्याच्या चौकाचौकांत आवाज मोजतात. 2022 साली त्यांची सरासरी शंभरच्या वर गेली होती. बेलबाग चौकातून अलका टॉकीजपर्यंत पोचायला पथकाला लागतात काही तास. कानाची मुदत पहिल्या चौकातच संपलेली असते. शिवाय लक्ष्मी रस्ता दोन्ही बाजूंनी इमारतींनी बंद. मोकळ्या मैदानात आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल उतरतात, इथे भिंती तो आवाज परत रस्त्यावरच टाकतात.

पण हाच हिशेब उलटाही चालतो, आणि तिथे मला आशा दिसते. कानापर्यंत 100 ऐवजी 85 पोचले, तर पंधरा मिनिटांचे आठ तास होतात. पंधरा डेसिबल अडवणारी वस्तू बोटाच्या पेरापेक्षा लहान असते.

कापूस मात्र नको. आपल्याकडे आवाज म्हटला की कापसाचा बोळा, ही पिढीजात समजूत आहे. त्याने मन शांत होतं, कान वाचत नाही. फोमचे प्लग स्वस्त आणि कामाचे, पण घालण्याची रीत आहे : बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग निव्वळ दागिना. पाकिटावर लिहिलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. आपल्या कानात त्याहून कमीच पदरात पडतं असं धरून चालावं. आणि हे सगळं फेटा बांधायच्या आधी, कारण कानावर फेटा बसल्यावर कुणी काही करू शकत नाही.

फोमची खोड अशी की तो वरच्या पट्टीचे आवाज जास्त खातो. ढोल ऐकू येतो, ताशा मात्र लापशी होऊन जातो, आणि आम्ही सगळे तर ताशाकडे कान लावून हात, म्हणजे ठेका, बदलतो. त्यासाठी वादकांचे वेगळे प्लग असतात. मीड किलियन या अमेरिकी अभियंत्याने 1988 मध्ये आणलेल्या ईआर-15 या फिल्टरपासून ही जात रुळली : सगळे सूर जवळजवळ सारखेच, पंधरा डेसिबलने खाली. ताशाची काडी काडीच राहते, फक्त चार पावलं मागे सरकल्यासारखी. मला तर एकमेकांत मिसळलेले हात आता जास्त नीट उलगडतात. हे प्लग थोडे महाग असतात, पण जपून वापरले तर पुष्कळ टिकतात.

टिनिटसवाल्यांची एक अडचण इतरांना नसते. प्लग घातला की बाहेरचं जग मिटतं आणि आतली शीळ एकदम पुढे येते. घाबरून बरेच जण तिथेच प्लग काढून टाकतात. घाबरू नये. शीळ वाढलेली नसते, तिच्यावरचं पांघरूण तेवढं निघालेलं असतं. वादन सुरू झालं की ती पुन्हा बुडते. खरा धोका दुसऱ्या टोकाला आहे. एकदा धास्ती बसली की माणूस बाजारात, बसमध्ये, स्वयंपाकघरातसुद्धा कान बंद करून वावरायला लागतो. मग मेंदू ऐकण्याची धार आणखी वाढवतो आणि भांडं पडलं तरी दचकायला होतं. हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी 1953 मध्ये कान चांगले असलेल्या माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यांतल्या 94 टक्क्यांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला. संपूर्ण शांतता कुणालाच मानवत नाही. म्हणून प्लग वादनाला, आणि वादन संपलं की खिशात.

बाकीच्या हौशींचं थोडक्यात. सिनेमाला पडद्याजवळ बसू नये, लग्नात स्पीकरच्या बाजूचं टेबल नाकारावं. बसमध्ये इंजिनावर मात करायला गाणं वाढवत नेण्यापेक्षा बाहेरचा गोंगाट कापणारा हेडफोन घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला 80 डेसिबलचे चाळीस तास सुरक्षित मानते. मोटारसायकलवरून लांब जाणाऱ्यांना इंजिनापेक्षा हेल्मेटमध्ये घोंगावणारा वारा जास्त छळतो, हे त्यांनाच उशिरा कळतं.

ढोलांच्या संख्येवरून 2024 साली बरंच रान उठलं. राष्ट्रीय हरित लवादाने पथकात तीस जणांची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, पुण्यात पेढे वाटले गेल्यासारखा आनंद झाला. मलाही झाला. पण आकडेमोड कुणाच्याच बाजूने नीट उभी राहत नाही : शंभर ढोलांचे पन्नास केले तर उतरतात जेमतेम 3 डेसिबल, आणि त्या तिनाने ऐकण्याची मुदत दुप्पट होते. वादकाला स्वतःचा आणि शेजारचा ढोलच सगळ्यात जास्त लागतो, ताशेवाल्यांना तर ताशाची धार. संख्येवर भांडत बसण्यापेक्षा कानाकडे बघा, असं माझं मत आहे. सलग वाजवण्याऐवजी आवर्तनांमध्ये विसावा ठेवला आणि रांगा बदलत्या ठेवल्या, तर वादन कमी होत नाही, वादक टिकतो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही कान वाजत राहिला तर ‘दमणूक’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. उपचारांचा उपयोग होण्याचे दिवस मोजके असतात.

पथकप्रमुखांना एवढीच विनंती, की यंदा झब्बा आणि फेट्याच्या पैशांत प्लगचेही पैसे धरा आणि ते घालायला सरावाच्या पहिल्याच दिवशी शिकवा. मिरवणूक बघायला येणाऱ्यांना तर त्याहून साधी : लेकराला खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीपुढे उभे राहू नका.