औशाच्या वाड्यातील दोन पावत्या

लातूरहून तुळजापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे सुमारे सहा कोसांवर औसा लागते. किल्ल्याचे गाव म्हणून ऐकून आलेला नवखा प्रवासी दुरूनच क्षितिजावर बुरूज शोधू लागतो; पण ते काही त्यास दिसत नाहीत. औशाचा किल्ला भुईकोट आहे आणि तोही सखल जागी बांधलेला. भोवतालची जमीन उंच, किल्ला खाली. अगदी खंदकाच्या काठाशी जाऊन पोहोचावे तेव्हा दुहेरी तट एकदम डोळ्यांपुढे उभा राहतो. शत्रूला चकविण्याची ही युक्ती असेल तर ती आजही उत्तम चालते, आमच्याबरोबर बसमधून उतरलेल्या एका पुणेकर गृहस्थांनी आम्हांसच विचारले की, "किल्ला कोठे आहे हो?" आणि त्या वेळी ते त्याच्यापासून फार दूर नव्हते.

आमच्या थोरल्या भगिनी औशास दिल्या आहेत. भाऊबीजेस भावाने बहिणीकडे जावे हा शिरस्ता आम्ही चाळीस वर्षे पाळीत आलो आहो. २०२५ च्या दिवाळीतही गेलो. या खेपेस घरात दुप्पट गडबड होती. आमच्या भगिनीचे यजमान, ज्यांना लहानथोर सारे अण्णा म्हणतात, त्यांची सहस्रचंद्रदर्शन शांति मार्गशीर्षात करावयाची ठरली होती. गुरुजींची यादी, आचाऱ्याची यादी, पत्रिकांची यादी, असे कागद ओसरीवर पसरलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांबरोबर आम्ही किल्ल्यात गेलो. ऐंशीव्या वर्षी हा मनुष्य काठी घेतो ती टेकण्यासाठी नव्हे, झुडपे बाजूस सारण्यासाठी! बहमनी, निजामशाही, मग १६३६ मध्ये शहाजहानच्या सैन्याने उदगीरबरोबर हाही किल्ला घेतला तेव्हापासून मोगलाई, आणि पुढे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, अशी येथल्या दगडांची वंशावळ आहे. पाहण्यासारखी वस्तू म्हणजे तलावाखालचा महाल. वर पाणी, खाली दालन. तलावाचा तळ तोच दालनाचे छत. आत शिरताच कार्तिकातले ऊन विसरावयास होते. बांधणाऱ्याचे कौतुक करावे तितके थोडे. पण आत जाणारांनी भिंतींवर स्वतःची नावे कोरून ठेवली आहेत, त्याविषयी काय बोलावे?

खंदकावरून परत येताना अण्णा म्हणाले, "हा दरवाजा पाहिला की मला आमच्या वडिलांचे घड्याळ आठवते." दरवाजाचा आणि घड्याळाचा काय संबंध, असे आम्ही विचारताच त्यांनी जी हकीकत सांगितली ती त्यांच्याच शब्दांत देता आली असती तर बरे झाले असते. आम्हांस साधेल तशी देतो.

अण्णांचे वडील काही कामानिमित्त मुंबईस गेले होते. तेथे त्यांनी वेस्ट एंड कंपनीचे खिशातले घड्याळ साठ रुपये कलदार देऊन घेतले. ही कंपनी मुंबईची, १८८६ साली निघालेली. घड्याळे मात्र स्वित्झर्लंडात होत. इंग्रज सरकारने १९२१ साली घड्याळे चैनीच्या वस्तूंत घालून त्यांवर शेकडा २० जकात बसविली आणि लगेच दुसऱ्या वर्षी ती ३० केली. तेव्हा मुंबईच्या बंदरात सरकारची जकात दुकानदाराने भरलेली आणि गिऱ्हाइकाकडून किमतीत वसूल केलेली असेच. एवढ्यावर भागले असते तर औशाचा मनुष्य आणि पुण्याचा मनुष्य यांत भेद राहिला नसता. पण अण्णांचे वडील कुर्डुवाडीस गाडी बदलून बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरच्या डब्यात बसले. ती गाडी १९११ पासून लातुरास येत होती. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. मध्ये हद्द आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका.

करोडगिरी हा शब्द आजच्या मुलांस परीक्षेत विचारला तर ती काय लिहितील कोण जाणे! निजामाच्या राज्यातील जकातखात्याचे ते नाव. कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात १८०२ साली व्यापाराचा तह झाला, त्यात शेकडा ५ हा दर ठरला होता आणि तोच दर पुढे मराठवाड्यातल्या तीन-चार पिढ्यांना जन्मभर भेटत राहिला. बंदरात एकदा जकात भरलेला माल हद्दीवर पुन्हा जकात देई. नाक्यावरच्या कारकुनाने अण्णांच्या वडिलांस खिशात काय आहे म्हणून विचारले. साखळी सदऱ्याच्या आत होती; नाही म्हणता आले असते. पण त्यांनी घड्याळ काढून पुढे ठेवले. साठ रुपयांवर तीन रुपये कलदार, म्हणजे हाली सिक्क्यात साडेतीन. (शंभर कलदारांस सुमारे एकशे सोळा-सतरा हाली पडत, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असे.) पावती मिळाली ती उर्दूत, सन १३५० फसली, म्हणजे १९४०-४१.

घरी आल्यावर अण्णांनी माजघरातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात ती पावती आहे. घडीवर फाटलेली, शाई तपकिरी झालेली. ती वाचणारे आता गल्लीत एकच वृद्ध मौलवी उरले आहेत. त्यांनीच मागे अण्णांस ती अक्षर न् अक्षर वाचून दाखविली. घड्याळही डब्यात आहे आणि किल्ली दिली की चालते. दिवसाकाठी चार मिनिटे मागे पडते, इतकेच. अण्णांच्या मते वय पाहता हे क्षम्य आहे.

आता खरी गोष्ट. त्याच रात्री जर्मनीहून नातवाचा फोन आला. मुलगा गुणी, अभियंता आहे, आजोबांवर त्याचा विलक्षण जीव. शांतीसाठी येताना त्याने आजोबांकरिता भेट घेतली होती, ती त्याने फोनच्या पडद्यावर दाखविली. ओमेगाचे मनगटी घड्याळ, किल्लीचे, १९६५ च्या सुमाराचे, सोनेरी तबकडीचे. तिकडे अशा जुन्या, वापरलेल्या घड्याळांची स्वतंत्र दुकाने असतात. त्यांतल्या एका दुकानातून दोन हजार युरोंस घेतलेले. आपल्या रुपयांत दोन लाखांच्या घरात. आमच्या भगिनींनी किंमत ऐकून कपाळास हात लावला, पण त्यांचे डोळे पाणावलेले आम्ही पाहिले.

"विमानतळावर जकात किती पडेल?" अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो हा.

"आजोबा, जकात कसली? मी हातावर घालून ग्रीन चॅनेलमधून सरळ बाहेर येतो. माझेच वापरातले घड्याळ. कोण विचारतो?"

आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो की, प्रथम आमचेही मत नातवासारखेच झाले. वापरलेली वस्तू, साठ वर्षांची जुनी, व्यापारासाठी नव्हे, आजोबांस भेट. यात सरकारचा काय भाग? पण नातवाने हिशेब सांगताच प्रकरण आम्हांस वाटले तितके सोपे राहिले नाही. त्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे परदेशाहून येणाऱ्या आपल्या माणसास पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू माफ. त्यावरच्या रकमेवर शेकडा ३५ जकात आणि त्या जकातीचा दहावा हिस्सा अधिभार, एकूण साडेअडतीस. दोन लाख धरले तर दीड लाखांवर ५७,७५० रुपये. स्वतःच्या अंगावरच्या, नित्य वापरातल्या वस्तू माफ असतात हे खरे; पण येथे ठेवून जावयाची वस्तू अंगावर घातली म्हणून ती अंगावरची होत नाही.

व्यापाराच्या वाटेने आणावे तर आणखी अडचण. घड्याळांवरील मूळ जकात २०१८ साली १० वरून २० झाली. तीवर अधिभार आणि सर्वांवर १८ टक्के कर मिळून शंभराच्या मालावर चव्वेचाळीस रुपयांचा भार. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडादी चार देशांशी झालेला करार अमलात आला, त्यात स्विस घड्याळांवरील मूळ जकात सात वर्षांत उतरत जाऊन नाहीशी व्हावयाची आहे. पण त्यास उत्पत्तीचा दाखला लागतो. जर्मनीतल्या जुन्या घड्याळांच्या दुकानदाराकडे तो कोठून असावयाचा? शिवाय वापरलेला माल आपल्या व्यापारधोरणात निर्बंधित आहे. परवान्यावाचून विक्रीसाठी आणताच येत नाही. नव्या घड्याळाला दार उघडे आणि जुन्याला कडी, असा हा न्याय! ज्या देशी कारखान्यांसाठी एके काळी हे तट बांधले, त्यांतला एचएमटीचा, १९६१ साली जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात निघालेला, २०१६ साली बंदही झाला. आमच्या मनगटावर अद्याप त्यांचेच 'जनता' आहे, म्हणून हे लिहिताना आम्हांस थोडे वाईट वाटते.

आम्ही आमची विद्या पाजळली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. नगरद्वाराजवळ ध्वज लावलेली शुल्कशाला असावी, बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीचा पाचवा भाग घ्यावा, असे तो सांगतो. म्हणजे आजच्या घड्याळांचाच शेकडा २०. पण विवाह, यज्ञ, उपनयन, व्रतदीक्षा अशा कार्यांचे सामान त्याने शुल्कमुक्त ठेविले आहे. "तेव्हा शांतीची भेट माफ धरावयास हरकत नाही," असे आम्ही अण्णांस म्हणालो.

"आणि खोटे सांगून सोडवील त्याला काय?" अण्णांनी विचारले. त्यांनीही अर्थशास्त्र वाचले आहे हे आम्ही विसरलो होतो.

"चोराचा दंड," आम्हांस सांगावे लागले.

नातू हसला. पण त्याने एक मुद्दा असा काढला की ओसरीवर क्षणभर शांतता पसरली. "आजोबा, लहानपणी तुम्हीच सांगत होता ना, १९४७-४८ त स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्यात लोकांनी करोडगिरीचे नाके जाळले, बार्शीच्या बाजूला छावण्या होत्या म्हणून? त्यांना तुम्ही शूर म्हणता. मी तर नुसते बाजूने निघून जातो आहे."

अण्णा रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "बाळ, ज्यांनी नाके जाळले त्यांना त्या राज्यात मत नव्हते. आणि आम्ही जाळले असे ते उघड सांगत होते. तुला विचारले तर तू काय सांगणार आहेस?"

तिकडून उत्तर आले नाही. आमच्या भगिनी मध्येच म्हणाल्या, "अहो, सत्तावन्न हजारांत शांतीचा आचारी आणि मांडव दोन्ही होतील. एवढे कशाला ताणता?" यात त्यांचे चुकले असे आम्हांस म्हणवत नाही. घरखर्च त्या पाहतात. अण्णांनी त्यांच्याकडे पाहून एवढेच म्हटले की, ते घड्याळ मी कोणाला दाखवू शकलो पाहिजे.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर अण्णांनी आणखी एक गोष्ट आम्हांस सांगितली, जी नातवास सांगितली नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात १२३ वे कलम आहे. सोने आणि घड्याळे यांची नावे त्यात उघड घातली आहेत. चोरून आणल्याच्या वाजवी संशयाने अशी वस्तू जप्त झाली तर ती चोरटी नाही हे बाळगणाऱ्यानेच सिद्ध करावयाचे. मुंबईच्या किनाऱ्यावर घड्याळे चोरून उतरत त्या काळचे हे कलम आहे. तरुणपणी अण्णांनी असेच एक परदेशी घड्याळ बिनपावतीचे, ओळखीच्या माणसाकडून, स्वस्तात घेतले होते. दोन वर्षे त्यांनी ते बाहीखाली झाकून वापरले आणि अखेर विकून टाकले. "वडिलांचे घड्याळ सदऱ्याबाहेर साखळी सोडून मिरवता येई," ते म्हणाले, "माझे मात्र वेळ पाहण्यापुरतेही बाहेर काढण्याची चोरी." आम्ही त्यांना साठ वर्षे ओळखतो, ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली.

मार्गशीर्षात शांतीस आम्ही पुन्हा औशास गेलो. नातू आदल्या दिवशी मुंबईहून आला. रेड चॅनेलमध्ये दीड तास मोडला म्हणाला; अधिकाऱ्याने दुकानाची पावती पाहिली, युरोचा त्या दिवसाचा भाव लावला आणि रक्कम साठ हजारांहून थोडी अधिकच झाली. "तो मला विचारीत होता, हे तुम्ही घालूनच का आला नाहीत?" नातवाच्या आवाजात अजून थोडी कुरकुर होती आणि ती असावयासही हरकत नव्हती, पैसे त्याचे होते.

शांति यथासांग झाली. औक्षण झाल्यावर नातवाने आजोबांच्या मनगटावर घड्याळ बांधले. पट्टा जरा सैल होता. अण्णांनी प्रथम चष्मा लावून विमानतळाची पावती वाचली, मग घड्याळाकडे पाहिले. संध्याकाळी जो जो भेटीस आला, त्या प्रत्येकास त्यांनी हात पुढे करून वेळ सांगितली, त्याने विचारली असो वा नसो. गल्लीतले मौलवीही आले होते. त्यांना दोन्ही पावत्या दाखविण्यात आल्या. त्यांनी जुनी पुन्हा मोठ्याने वाचली आणि नवी उलटसुलट करून पाहून परत दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा अण्णा पत्र्याचा डबा उघडून बसले होते. दोन्ही कागद एकाच घडीत ठेवून त्यांनी वडिलांच्या घड्याळास किल्ली दिली आणि नव्या घड्याळावर वेळ पाहून त्याचे चार मिनिटांचे मागेपण दुरुस्त केले.