रानातला मुक्काम आणि अन्नाचा वास

बालाघाटच्या रांगेवर वसलेल्या पाटोदा तालुक्यात उघड्यावर मुक्काम करण्याची रीत जुनी आहे. मेंढरांचा वाडा घेऊन माळामाळाने हिंडणारे धनगर आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील उसाच्या फडांकडे निघणारे, तेथे कोप्या घालून सारा हंगाम काढणारे ऊसतोड मजूर यांना पीठ, तेल, चटणी आणि भाकरी जनावरांपासून कशी राखावी हे वेगळे शिकवावे लागत नाही. सौताड्याला विंचरणा नदी जेथे दरीत कोसळते तो धबधबा, दरीतले रामेश्वराचे मंदिर आणि नायगाव मयूर अभयारण्य यांच्या ओढीने येणाऱ्या हौशी भटक्यांना मात्र हे ज्ञान वारशाने मिळालेले नसते, आणि त्यांच्यासाठी बाजारात गंधरोधक पिशवी नावाची वस्तू आली आहे. अन्नाचा वास बाहेर झिरपू नये अशा बेताने अनेक पदरी प्लास्टिकची बनवलेली, दाबून बंद होणाऱ्या तोंडाची ही पिशवी असते. तिचे सामर्थ्य कोठवर आहे आणि अस्वले नसलेल्या पाटोद्याच्या रानात तिची गरज नेमकी कोणासाठी आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वास म्हणजे पदार्थापासून सुटून हवेत मिसळलेले रेणू होत. लसूण व हिंग यांचा उग्रपणा गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, तर सुक्या बोंबलाचा वास मुख्यतः ट्रायमिथाइल अमाईन या वायुरूप होणाऱ्या संयुगामुळे पसरतो. हे रेणू टिपणारी ग्राही प्रथिने नाकाच्या आतील त्वचेत असतात, आणि ती घडवणाऱ्या जनुकांच्या मोठ्या कुलाचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला, ज्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० जनुके कार्यक्षम आहेत, कुत्र्यात सुमारे ८०० आणि उंदरात हजाराहून अधिक. शिवाय कुत्र्याच्या नाकातील गंधग्राही त्वचेचे क्षेत्रफळ माणसाच्या कितीतरी पट मोठे असते. म्हणून पिशवीला वास येत नाही असे जेव्हा माणूस म्हणतो, तेव्हा तो केवळ स्वतःच्या नाकाची मर्यादा सांगत असतो. कोल्हा, रानडुक्कर, उदमांजर, मुंगूस आणि गावकुत्रे यांच्याविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून वास बाहेर येण्यासाठी तिला भोक असावे लागत नाही. तेलकट स्वभावाचे गंधरेणू पॉलिथिनच्या आतल्या पृष्ठभागात विरघळतात, त्याच्या साखळ्यांमधल्या फटींतून हळूहळू सरकतात आणि बाहेरच्या बाजूने हवेत सुटतात. या क्रियेला पारगमन म्हणतात. आत रेणूंची दाटी जितकी अधिक, पडदा जितका पातळ आणि उष्णता जितकी जास्त, तितके पारगमन वेगाने होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा उन्हात ठेवलेली पिशवी सावलीतल्या पिशवीपेक्षा लवकर वास सोडते, त्याचे कारण हेच.

गंधरोधक पिशवीत पॉलिथिनच्या पदरांमध्ये वेगळ्या जातीच्या प्लास्टिकचा एक रोधक पदर बसवलेला असतो. त्यासाठी नायलॉन किंवा इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल यांसारखी बहुवारिके, म्हणजे लहान घटक एकमेकांना जोडून बनलेली लांब साखळी असलेली द्रव्ये, वापरली जातात. तेलकट रेणू त्यांत सहजी विरघळत नाहीत, म्हणून वाटेतच अडतात. मात्र ही द्रव्ये ओलावा शोषतात आणि ओली झाली की त्यांची रोधकता घटते, यासाठी त्यांना दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचे संरक्षण द्यावे लागते. इतके करूनही पारगमन मंदावते, कायमचे थांबत नाही. पिशवीचे तोंड हा तिचा सर्वांत कच्चा भाग, कारण खोबणीत अडकलेला शेंगदाण्याच्या कुटाचा एक कण तिची पकड सैल करतो. घडीवर पडणाऱ्या सूक्ष्म चिरा हा दुसरा दोष. आणि ठेच्याच्या हाताने पिशवी धरली तर वास बाहेरूनच लागतो, मग आतला पदर कितीही चांगला असला तरी व्यर्थ ठरतो.

अशा पिशव्यांचा प्रसार उत्तर अमेरिकेतील अस्वलांच्या प्रदेशात झाला. तेथील अनुभव असा की मुक्कामाच्या जागी एकदा अन्न मिळालेले अस्वल पुन्हा पुन्हा येते, धीट होते आणि अखेरीस त्यालाच मारावे लागते. तेथील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात म्हणूनच अस्वलाला न फुटणाऱ्या कठीण डब्याची सक्ती आहे आणि गंधरोधक पिशवी त्याचा पर्याय मानली जात नाही. फार तर डब्याच्या आत घालण्याचे ते पूरक साधन. वास रोखणे आणि वाट रोखणे ही दोन स्वतंत्र कामे असल्याचे त्या नियमातून स्पष्ट होते.

पाटोद्याच्या परिसरात प्रश्नाचे रूप निराळे आहे. येथील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. सुमारे ३० चौरस किलोमीटरचे हे शुष्क पानझडी व झुडपी रान मोरांसाठी राखलेले आहे. लांडोर झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच उथळ खळगा करून अंडी घालते आणि सुमारे चार आठवडे ती उबवते. हा विणीचा काळ पावसाळ्यात येतो, आणि सौताड्याचा धबधबा भरून वाहू लागल्यावर तालुक्यात पाहुण्यांची गर्दी होते तीही त्याच दिवसांत. खरकट्याच्या वासाने माळावर आलेली कुत्री, कोल्हे आणि मुंगसे खरकटे संपल्यावर आसपासचा झाडोरा हुंगू लागतात, आणि जमिनीवरचे घरटे त्यांच्या नाकापासून लपवण्याचे कोणतेही साधन लांडोरीजवळ नसते. येथे उघड्या अन्नाची किंमत प्रवाशापेक्षा पक्ष्याला अधिक मोजावी लागते, हे ध्यानात घेतल्याशिवाय गंधरोधक पिशवीचे मोल कळत नाही.

कुत्र्यांमागून येणारा दुसरा धोका बिबट्याचा. बिबट्या शिकार शोधतो ती मुख्यतः डोळ्यांनी व कानांनी, त्यामुळे भाकरीचा वास त्याला थेट बोलावत नाही. परंतु विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव कुत्र्यांचा आढळला. २०२० च्या अखेरीस पाटोद्यालगतच्या आष्टी तालुक्यात आणि पुढे करमाळ्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. त्या हल्ल्यांचा संबंध खरकट्याशी जोडण्याचे कारण नाही. तथापि ज्या भागात बिबट्या वावरू शकतो, तेथे मुक्कामाभोवती कुत्री गोळा होऊ देणे शहाणपणाचे नाही, एवढे अकोल्याच्या अभ्यासावरून निश्चित म्हणता येते.

मराठी घरांत आढ्याला टांगलेले शिंके वाट रोखण्याचेच साधन होते. दुधादह्याचा वास घरभर दरवळत असला तरी मांजराचे तोंड तेथवर पोहोचत नसे. गंधरोधक पिशवीचा स्वभाव याच्या उलट आहे, कारण ती वास मंदावते पण घुशीच्या दातांपुढे क्षणभरही टिकत नाही. दोहोंची सांगड घालायची तर घट्ट झाकणाचा, रबरी कडी बसवलेला स्टीलचा डबा सर्वांत सोयीचा, कारण पोलादातून पारगमन होत नाही आणि तो कुरतडताही येत नाही. अन्न पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा झोपण्याच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असा क्रम ठेवला की वास आणि वाट दोन्ही आवरतात.

या क्रमाला काही सवयींची जोड हवी. पिशवी भरणाऱ्याने हात धुऊन ती हाताळावी, आतील हवा दाबून काढावी, तोंडाची खोबणी पुसूनच बंद करावी आणि पिशवी सावलीत ठेवावी. साबण, दंतमंजन आणि खोबरेल तेल यांनाही वास असतो, म्हणून तेही अन्नाबरोबरच बंद करावेत. बोंबील, सुकट यांसारखे पदार्थ मुक्कामाला नेऊच नयेत. भांडी घासलेले पाणी एका जागी ओतण्याऐवजी गाळून दूरवर शिंपडावे आणि गाळ, साली, हाडके व कागद दुसऱ्या गंधरोधक पिशवीत भरून परत न्यावेत, कारण पुरलेले खरकटे कोल्हा सहज उकरतो. अभयारण्यात जाण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. मुक्काम बाहेरच्या माळावर असला तरी हीच शिस्त पाळली पाहिजे, कारण जनावराला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते.

शाळा-महाविद्यालयांच्या सहली, पक्षिनिरीक्षकांचे गट आणि गिर्यारोहण संस्था सामानाच्या यादीत विजेरी व प्रथमोपचाराची पेटी आवर्जून लिहितात. त्याच यादीत अन्नासाठी एक आणि खरकट्यासाठी एक अशा दोन गंधरोधक पिशव्या आणि स्टीलचा डबा लिहिला जाणे आवश्यक आहे. हा खर्च मुक्काम करणाऱ्याने उचलावयाचा, कारण तो टाळला तर त्याची भरपाई लांडोरीच्या घरट्यातून होते आणि त्या व्यवहारात तिची संमती कोणी घेतलेली नसते.