उघडता येईल असा लॅपटॉप

लिनक्स टाकायला स्वस्त आणि हलका लॅपटॉप कोणता घ्यावा, असं कोणी विचारलं की मी आधी यंत्र उलटं करून त्याचा तळ पाहतो. पडदा नंतर, प्रोसेसर त्याहून नंतर. तळाला साधे स्क्रू आहेत का, रॅमची पट्टी खाचेत बसवलेली आहे की बोर्डावरच सोल्डर केलेली, बॅटरी सुटी मिळते का, एवढं कळलं की निम्मा निर्णय झालेला असतो. अड्याळात बसून हे काम करायचं तर दुसरा क्रम परवडत नाही. बोर्डावरची रॅम गेली की ते यंत्र भंडाऱ्याला न्यायचं, तिथे नाही जमलं तर नागपूरला, आणि शेवटी कळतं की दुरुस्तीच्या पैशात दुसरं यंत्र येईल. खाचेतली पट्टी मात्र मी माझ्या टेबलावर, येणाऱ्याचा चहा संपायच्या आत बदलतो.

माझ्याकडे येतात ती बहुतेक शिकणारी मुलं आणि त्यांचे वडील. धानाचे पैसे हातात आल्यावर येतात. मी जुनं यंत्र सुचवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘भाऊ, एवढ्यात नवा भेटते ना, मंग जुना काहाले?’’ प्रश्न रास्त आहे, म्हणून मी त्याचं उत्तर सावकाश देतो. अगदी स्वस्तातल्या नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये साठवणुकीला बऱ्याचदा ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी चिप असते, रॅम ४ जीबी, आणि दोन्ही बोर्डावर पक्क्या. डेबियन हे लिनक्स त्यात बसतं, चालतंही. पण उद्या पोरगी मोठा प्रकल्प करायला बसली की वाढवायला जागाच नाही. त्यात वायफायची चिप लिनक्सला अनोळखी निघाली तर ती बदलायची सोयही बहुधा नसते. बे ट्रेल पिढीच्या बऱ्याच ॲटम यंत्रांची तर आणखी एक अडचण आहे: प्रोसेसर ६४ बिटांचा आणि यंत्र सुरू करणारं यूईएफआय ३२ बिटांचं, त्यामुळे नेहमीचा पेन ड्राइव्ह लावला तरी यंत्र त्याला ओळख देत नाही.

म्हणून मी कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉप सुचवतो. थिंकपॅड एक्स२७०, लॅटिट्यूड ७२८०, एलिटबुक ८२० जी३. तिन्ही साडेबारा इंची, साधारण सव्वा ते दीड किलोचे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. हे तिघेही त्या रेषेच्या अलीकडचे, सहाव्या-सातव्या पिढीचे. यंत्र धडधाकट आहे, पण कार्यालयाला नको झालं आहे. आम्हाला तेच हवं आहे. एलिटबुकमध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत, बाकी दोघांत एकेक. ८ जीबी रॅम आणि साधी २४० जीबीची एसएसडी असली की एक्सएफसीई मांडणीचं डेबियन त्यावर विनातक्रार चालतं.

यांपैकी एक्स२७० माझ्या मनात अंमळ वरचा, आणि त्याचं कारण बॅटरी. त्यात एक बॅटरी आत असते, दुसरी मागून लावायची. मागची काढून दुसरी भरलेली लावेपर्यंत आतली यंत्र जागं ठेवते. पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो, तेव्हा ही सोय फार मोलाची. शिवाय थिंकपॅडवर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची मर्यादा टीएलपी नावाच्या मुक्त प्रणालीतून घालता येते. आमच्याकडच्या मे महिन्यात काठोकाठ भरलेली बॅटरी तापत ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य हाताने कमी करणं.

हलकेपणाबद्दल एकच सांगतो: वजन चार्जरसकट करा. कॉलेजच्या पोराच्या पाठीवर एसटीत उभ्याने जातं ते सगळं मिळून.

पैसे देण्याआधीची तपासणी मात्र घाईने करू नये. मी सोबत डेबियनचा पेन ड्राइव्ह ठेवतो आणि विकणाऱ्यासमोरच त्यावरून यंत्र सुरू करतो. काही न टाकता सगळं पाहता येतं. वायफाय लागतं का? इंटेलचं किंवा जुनं अथेरॉसचं असेल तर निश्चिंत. ब्रॉडकॉम असेल तर मी आधीच कपाळाला आठी घालतो. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, बंदिस्त फर्मवेअर अधिकृत प्रतीतच येऊ लागल्याने हे काम सोपं झालं आहे. मग झाकण मिटून पुन्हा उघडायचं: यंत्र झोपतं आणि नीट उठतं का? आवाज, कॅमेरा, प्रत्येक कळ. यूपॉवर या आज्ञावलीला विचारलं की बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आज किती उरली ते आकड्यांत दिसतं. पडदा अंगणात नेऊन पाहायचा, कारण या यंत्रांत फिकट, बाजूने काळपट दिसणारे पडदेही येतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बायोसमध्ये शिरायचं. तिथे जुन्या कंपनीचा सुपरवायझर पासवर्ड असेल तर यंत्र कितीही स्वस्त मिळो, परत द्यावं. थिंकपॅडचा हा पासवर्ड बोर्डावरच्या चिपमध्ये असतो. सेल काढून ठेवला म्हणून तो पुसला जात नाही.

हे सगळं जमवताना मला खैराट आठवतं. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं हे छोटं गाव. २००७ मध्ये तिथल्या शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेची हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रं आली होती. वजन दीड किलोच्या आसपास, उन्हात वाचता येणारा पडदा, आत फेडोरावर उभारलेली शुगर प्रणाली. शंभर डॉलरची ठरवलेली किंमत त्यांना गाठता आली नाही. पण त्या यंत्राच्या आत जादा स्क्रू ठेवलेले असत, दुरुस्ती करताना हरवले तर वापरायला. यंत्र उघडलं जाणार, आणि उघडणारा मूल असू शकतो, हे आधीच धरून चाललेली रचना! मुक्त सॉफ्टवेअरला शोभेल असं यंत्र कसं असावं याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानेही मुक्त सॉफ्टवेअर भरलेला, सुमारे दहा हजारांचा हलका लॅपटॉप पुढे आणला. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे मी येणाऱ्या प्रत्येक यंत्रावर उतरवून देतो. नेट नसलं तरी लिबरऑफिस आणि पायथन त्यावरून शिकता येतं.

मराठीचं काम तर सगळ्यांत सुखाचं. डेबियनची स्थापनाच मराठीतून करता येते, इन्स्क्रिप्ट कळफलक आत असतो, लोहित आणि मुक्त हे फॉन्ट मोफत मिळतात. या जुन्या यंत्रांच्या कळा खोल दाबल्या जातात, हात बसायला त्या चांगल्या.

एक्स२७० नंतरचा एक्स२८० हातात घेतला की मोह होतो, हे खरं. जेमतेम सव्वा किलो, आठव्या पिढीचा प्रोसेसर. पण त्याची रॅम सोल्डर केलेली आहे आणि मागची सुटी बॅटरी गेली. १६ जीबीचा मिळाला आणि रोज एसटीने जायचं असेल तर घ्या. ८ चा असेल तर चार वर्षांच्या शिक्षणासाठी मी नको म्हणतो, आणि ४ जीबीचा कोणी दाखवला तर बायोसही उघडून पाहत नाही.