मोठा मासा परत सोडणारे खाजण

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कच्या उंच इमारती किंवा नायगाराचा धबधबा उभा राहतो. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचे खाजण मात्र कोणाच्या प्रवासाच्या यादीत नसते. लुइझियाना राज्याच्या दक्षिण टोकाला या नदीने हजारो वर्षे गाळ आणून टाकला. त्या गाळावर गवत उगवले आणि गोडे-खारे पाणी मिसळून खाड्यांचे अफाट जाळे तयार झाले. या जाळ्यात रेडफिश नावाचा एक तांबूस मासा राहतो. तो गळाला लागावा म्हणून देशभरातून लोक येतात, वाटाड्याला दिवसाचे पैसे मोजतात आणि सर्वांत मोठा मासा मिळाला की त्याला परत पाण्यात सोडून देतात. हा काय प्रकार आहे, ते प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हाला २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आला.

आमचे मामेभाऊ नोकरीनिमित्त न्यू ऑर्लिन्सला राहतात. आम्ही रत्नागिरीकडचे. मासळी आमच्या घरात रोजची आणि मिरकरवाडा बंदर पायाखालचे. म्हणून ते म्हणाले, "भाईजान, शहर नंतर पाहू. आधी तुम्हाला इथली खाडी दाखवतो." बाहेरगावच्या माणसाला गळ टाकायचा तर परवाना लागतो. तो त्यांनी आधीच काढून ठेवला होता.

फजरची नमाज घरीच अदा करून आम्ही उभयता, धाकटा मुलगा आणि मामेभाऊ गाडीने निघालो. तासाभराच्या अंतरावर होपडेल नावाची कोळीवस्ती आहे. वाटेत एका ठिकाणी रस्ता काँक्रीटच्या प्रचंड भिंतीतल्या फाटकातून जातो. कॅटरिना वादळानंतर बांधलेली ही पूरभिंत तीन मजली घराएवढी उंच आहे. तुफान आले की फाटक बंद होते. होपडेल या भिंतीच्या बाहेर आहे, म्हणून तिथली घरे उंच खांबांवर उभी आहेत. खाली होड्या, जाळी आणि खेकड्यांचे पिंजरे, वर माणसे. या भागातल्या अनेक कुटुंबांचे पूर्वज १७७८ पासूनच्या काही वर्षांत कॅनरी बेटांवरून आले. त्यांना इथे इसलेन्यो, म्हणजे बेटावरचे लोक म्हणतात. कोळंबी, खेकडे आणि कालवे यांवर त्यांच्या पिढ्या जगल्या.

जवळच शेल बीच येथे पाण्याच्या काठावर एक स्मारक आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळात सेंट बर्नार्ड परगण्यातली जी माणसे गेली, त्यांची नावे तिथल्या दगडावर कोरलेली आहेत. आम्ही तिथे थोडा वेळ उभे राहिलो. समुद्राने माणसे नेलेल्या गावाला अशा दगडाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आमचे वाटाडे पन्नाशीचे, उन्हाने रापलेले गृहस्थ होते. तिथे वाटाड्याला 'कप्तान' म्हणतात. आपल्याकडचा तांडेल म्हणा. होडी सपाट तळाची होती. अशी होडी गुडघाभर पाण्यातही चालते. इंजिन बंद केले की कप्तान मागच्या उंच चौथऱ्यावर चढत आणि लांब वाशाने होडी रेटत. आवाज झाला तर मासा दूर पळतो. चौथऱ्यावरून पाण्यातली तांबूस सावली किंवा पाण्यावर आलेले शेपटीचे टोक आधी दिसते. रेडफिश डोके खाली घालून चिखलातले खेकडे शोधत असला की त्याची शेपटी वर येते.

कोकणच्या माणसाला तिथली भरती-ओहोटी चमत्कारिक वाटते. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते आणि पाणी पुरुषभर चढते. तिथे बहुतेक दिवशी एकच भरती, तीही फूट-दीड फुटाची. पाणी कमी-जास्त होण्यात चंद्राइतकाच वाऱ्याचाही हात. उत्तरेचा वारा जोरात सुटला की खाड्यांतले पाणी समुद्राकडे ओढले जाते. म्हणून कप्तान सकाळी उठून आधी वारा पाहतात.

आता या माशाची ओळख. रेडफिशचे दुसरे नाव रेड ड्रम. अंग तांब्याच्या रंगाचे आणि शेपटीच्या बुडाशी एक ठळक काळा ठिपका. हा ठिपका शत्रूला डोळा वाटतो आणि तो चुकीच्या टोकावर झडप घालतो, असे मानतात. ड्रम हे नाव आवाजावरून पडले. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून हा मासा ढोलासारखा आवाज काढतो. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण आपल्याकडचे घोळ आणि ढोमा याच कुळातले आहेत. ज्या पिशवीसाठी आपला घोळ सोन्याच्या भावाने विकला जातो, तीच रेडफिशचा ढोल आहे.

या माशाचे बालपण खाजणात जाते. गवताच्या मुळाशी कोळंबी आणि खेकडे खाऊन तो वाढतो. तीन-चार वर्षांनी मोठा झाला की समुद्राकडे निघतो. शरद ऋतूत मोठे मासे खाड्यांच्या मुखांशी आणि किनाऱ्याजवळ जमतात आणि एकेक मादी लाखो अंडी सोडते. लाटा आणि प्रवाह ती पिल्ले पुन्हा खाजणात आणून सोडतात. २७ इंचांपेक्षा मोठ्या माशाला तिथे 'बुल' म्हणजे बैल म्हणतात, पण या बैलांत अंडी देणाऱ्या माद्याही असतात. माशाच्या कानातल्या खड्यावर झाडासारखी वर्षाची वळी पडतात. ती मोजून काही रेडफिश चाळीस वर्षांपर्यंत जगल्याचे दिसले आहे. म्हणजे गळाला लागलेला मासा कधी कधी पकडणाऱ्याच्या बरोबरीच्या वयाचा असतो.

आमच्या मुलाच्या गळाला असाच एक लागला. पाण्यावर तरंगते बूच, त्याखाली हातभर दोरी आणि टोकाला कोळंबी. काठीला झटका दिला की बूच पाण्यावर खळकन वाजते आणि मासा कुतूहलाने जवळ येतो. बूच एकदम दिसेनासे झाले आणि रिळावरची दोरी करकरत सुटली. पंधरा मिनिटे मुलगा घामाघूम झाला. कप्तान फक्त म्हणत होते, "ओढू नकोस. तो जाईल तेव्हा जाऊ दे, थांबेल तेव्हा गुंडाळ." मासा जाळीत आला तेव्हा पट्टीवर ३७ इंच भरला. वजन साडेनऊ किलोच्या आसपास.

पुढचे काम कप्तानांनी असे केले की आम्ही पाहतच राहिलो. आधी दोन्ही हात पाण्यात बुडवले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. मासा जबड्याला लटकवला नाही, एक हात पोटाखाली दिला. गळ गोलाकार होता, त्यामुळे तो घशात न अडकता ओठाच्या कोपऱ्यात लागला होता आणि सहज निघाला. एक फोटो काढून मासा लगेच पाण्यात. शेपटी धरून त्यांनी त्याला प्रवाहाकडे तोंड करून ठेवले. कल्ले हलू लागले, शेपटीत जोर आला आणि एका फटक्यात तो गढूळ पाण्यात नाहीसा झाला. मुलाचा चेहरा उतरला. कप्तान त्याला म्हणाले, "ही पोरांची आई आहे. तिला घरी नेलीस तर दहा वर्षांनी तुझ्या पोराला काय दाखवशील?"

हा नुसता चांगुलपणा नाही, तसा कायदाही आहे, आणि त्यामागे ठेच लागल्याची कहाणी आहे. १९८० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सचे नामांकित आचारी पॉल प्रुडॉम यांनी रेडफिशचा एक पदार्थ प्रसिद्ध केला. माशाला लोणी आणि मसाला लावायचा आणि तापून लाल झालेल्या लोखंडी तव्यावर बाहेरून काळा करायचा. हा पदार्थ देशभर गाजला आणि मागणी भडकली. तेव्हा विमानातून माशांचे थवे हेरून मोठ्या जाळ्यांनी समुद्रातले अंडी देणारे मासे ओढले गेले. काही वर्षांतच संख्या घसरली. मग केंद्र सरकारने आपल्या हद्दीतल्या समुद्रात ही मासेमारी बंद केली आणि १९८८ मध्ये लुइझियानाने रेडफिशची व्यापारी मासेमारी थांबवली. आज हॉटेलात मिळणारा रेडफिश बहुधा तळ्यात वाढवलेला असतो.

तरीही अलीकडच्या पाहणीत असे आढळले की खाजणातून वाचून समुद्रापर्यंत पोहोचणाऱ्या माशांचे प्रमाण ठरवलेल्या मर्यादेखाली आले आहे. म्हणून जून २०२४ पासून नियम आणखी कडक झाले. माणशी पाचऐवजी चारच मासे, तेही १८ ते २७ इंचांमधले. त्याहून लहान सोडायचा, त्याहून मोठाही सोडायचा. गिऱ्हाइकांना घेऊन गेलेल्या कप्तानाला स्वतःच्या वाट्याचे मासे ठेवता येत नाहीत. "नियम माझ्या ताटातून मासा काढतो," आमचे कप्तान हसत म्हणाले, "पण धंदा तोच टिकवतो."

जोहरच्या वेळी आम्ही होडी गवताच्या आडोशाला लावायला सांगितली. मामेभावांनी फोनवर किब्ला पाहिला तर तो ईशान्येला निघाला. आयुष्यभर मावळतीकडे तोंड करून उभे राहिलेल्या आम्हाला ती दिशा नवी होती. होडीतच बसून नमाज अदा केली. कप्तानांनी टोपी काढून हातात धरली आणि आमचे होईपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.

नमाजनंतर आमच्या सौभाग्यवतींनी एक सरळ प्रश्न विचारला. खायचाच नाही तर त्या जिवाला गळ टोचून, दमवून सोडायचे कशाला? कुदरतीच्या नेमतीतून रिज्क मिळवणे समजते, पण जिवाचा खेळ करणे मनाला पटत नाही. आम्हालाही हा प्रश्न रास्त वाटला. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही, हे कप्तानांनीही कबूल केले. त्यांचे म्हणणे एवढेच की, या हौसेच्या पैशातूनच खाजण राखण्याची ओरड करणारी माणसे तयार होतात. आमच्यापुरते आम्ही ठरवले की खाण्याजोग्या मापाचे मासे मिळेपर्यंतच गळ टाकायचा. सहा मासे मिळाले आणि आम्ही काठ्या आवरल्या. रात्री मामेभावांच्या घरी कोकणी पद्धतीने नारळाचे कालवण झाले. मांस पांढरे आणि घट्ट, बरेचसे घोळीसारखेच. अल्हम्दुलिल्लाह, सर्वांनी पोटभर खाल्ले.

पण त्या दिवसाची मनात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. परत येताना कप्तानांनी होडीवरचा नकाशा दाखवला. नकाशात आमची होडी जमिनीवरून चालली होती! नकाशा तयार झाला तेव्हा तिथे जमीन होती, आता उघडे पाणी आहे. १९३२ पासून लुइझियानाने सुमारे दोन हजार चौरस मैल किनारी जमीन गमावली आहे. १९२७ च्या महापुरानंतर नदीला दोन्ही बाजूंनी बांधांत पक्के जखडले. पूर थांबला, पण दरवर्षी येणारा गाळही थांबला. तेल आणि वायूच्या कंपन्यांनी खाजणात हजारो मैल कालवे खणले आणि त्यातून खारे पाणी आत घुसले. होपडेलजवळूनच जहाजांसाठी ७६ मैलांचा कालवा काढला होता. त्याच्या खाऱ्या पाण्याने सायप्रसची जुनी जंगले वाळली. २००९ मध्ये दगडी बांध घालून तो बंद केला, पण पांढरे पडलेले खोडांचे सांगाडे अजून उभे आहेत. शिवाय जमीन खचते आहे आणि समुद्र चढतो आहे. नदीचा गाळ पुन्हा खाजणात सोडण्याची सुमारे तीन अब्ज डॉलरची एक योजना सुरू झाली होती. गोडे पाणी आले तर कालवे आणि कोळंबी जातील, असा स्थानिकांचा विरोध होता आणि खर्चही वाढत होता. जुलै २०२५ मध्ये राज्याने ती रद्द केली.

यातली फसवी गोष्ट कप्तानांनी सांगितली. खाजण तुटू लागते तेव्हा सुरुवातीला मासे कमी होत नाहीत. एका मोठ्या तुकड्याचे दहा लहान तुकडे झाले की काठ वाढतात, आणि कोळंबी, खेकडे, मासे काठालाच राहतात. त्यामुळे गळ रिकामा येत नाही आणि लोकांना सर्व ठीक वाटते. तुकडेही विरघळले की मग एकदम काहीच उरत नाही. "आज तुम्हाला इतके मासे मिळाले," ते म्हणाले, "ते खाजण निरोगी आहे म्हणून मिळाले, असे समजून जाऊ नका."

आमच्या मते हे वाक्य कोकणालाही लागू आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान माप ठरवून दिले आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हे नियम चांगले आहेत आणि बाजारात बोटाएवढी पिल्ले दिसली तर ती न घेणे आपल्या हाती आहे. पण पिल्लू वाचवून त्याचे घर बुजवले तर उपयोग काय? खाडीकाठची कांदळवने आणि खाजणे भराव घालून सपाट केली की नियमाने सोडलेला मासा जाईल कुठे? पूर्वजांनी आपल्याला खाडी सोपवली ती अमानत म्हणून. वाचकांनी पुढच्या सुट्टीत मुलांना आपल्या जवळच्या खाडीवर न्यावे आणि एखाद्या जुन्या तांडेलाला विचारावे की, त्याच्या लहानपणी पाणी कुठपर्यंत होते, काठाला कोणती झाडे होती आणि कोणती मासळी आता दिसत नाही. मुलांनी ती उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. अल्लाहने दिलेल्या या नेमतीचा हिशेब निदान आपल्या घरात तरी राहील.